‘अचानक’ निघालेला खर्च आणि महिन्याचा हिशोब

महिनाअखेरीला ओढाताण का झाली, असं कुणालाही विचारा. उत्तर ठरलेलं असतं: “या महिन्यात अचानक एक खर्च निघाला.” गेल्या महिन्यातही निघाला होता, त्याच्या आदल्या महिन्यातही. कधी विम्याचा हप्ता, कधी शाळेची पुस्तकं, कधी गाडीचे टायर, कधी जवळच्या कुणाचा समारंभ. दर वेळी नाव वेगळं, त्यामुळे दर वेळी तो नवाच वाटतो. बरीच वर्षं घराचा जमाखर्च लिहिल्यावर माझं मत असं झालंय की हिशोब रोजच्या किरकोळ खर्चाने फारसा बिघडत नाही. तो बिघडतो वर्षातून एकदा येणाऱ्या आणि कुणीच न मोजलेल्या खर्चांनी. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा त्यांनाच दिली आहे. पण सुरुवात वहीपासून.

पहिली पायरी: महिनाभर फक्त लिहा

पहिल्या महिन्यात काहीही कमी करायचं नाही. नेहमीसारखाच खर्च करा, फक्त लिहा. काटकसर आणि नोंद एकाच दिवशी सुरू केली की दोन्ही आठवड्याभरात बंद पडतात. शिवाय तुमचा खरा खर्च किती, हे शेवटपर्यंत कळतच नाही.

साधी वही चालेल, मोबाइलवरचं ॲप चालेल, संगणकावरचा तक्ता चालेल. जे रोज हाताशी असेल ते. रकाने चार पुरेत: तारीख, कशावर, किती, कुणी केला. त्याच रात्री लिहा. दुसऱ्या दिवसापर्यंत निम्मं विसरलेलं असतं, आणि विसरलेलं नेमकं तेच असतं जे शोधायला आपण वही काढलेली असते. सुट्टे पैसे लिहीत बसू नका, आकडा पूर्ण करा. माझी पहिली वही अकराव्या दिवशी बंद पडली, कारण एक अगदी किरकोळ फरक जुळेना आणि मी तो जुळवत बसलो. आता मी ‘विसरलेले’ नावाचा एक रकानाच ठेवतो. सकाळी खिशात किती होते, रात्री किती उरले आणि मध्ये लिहिलेला खर्च किती. फरक पडला तर तो त्या रकान्यात टाकायचा आणि झोपायचं.

नवीन माणसं तीन ठिकाणी हमखास चुकतात. मशीनमधून रोख काढली की तो खर्च म्हणून लिहितात, मग त्याच रोखीतून सामान आणलं की पुन्हा लिहितात. रोख काढणं म्हणजे पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात गेला, एवढंच. दुसरी चूक क्रेडिट कार्डाची. खर्च वस्तू घेतली त्या दिवशी लिहायचा. पुढच्या महिन्यात बिल भरलं तो खर्च नव्हे, ती आधीची उधारी फेडणं झालं. तिसरी चूक म्हणजे ‘इतर’. हा रकाना म्हणजे घरातला माळा. काय कुठे टाकायचं कळलं नाही की तिथे. महिन्याच्या एकूण खर्चाच्या ५ टक्क्यांपेक्षा ‘इतर’ वाढलं, तर ते उघडून बघा. आत एखादा स्वतंत्र रकाना लपलेला असतोच.

घरखर्चासाठी खास छापलेली वही ही कल्पना तशी जुनी आहे. जपानमध्ये हानी मोतोको या पत्रकार बाईंनी १९०४ साली अशी वही काढली. ‘काकेइबो’ म्हणजे घराचं हिशोबपुस्तक, आणि तिथे लोक अजूनही ते हाताने लिहितात. हाताने लिहिताना आकड्यावर नजर क्षणभर तरी थांबते. ॲप बँकेच्या मेसेजमधून स्वतःच नोंद करत असेल, तर तो क्षण येत नाही. मी वहीच्या बाजूचा आहे, पण भांडणार नाही.

दुसरी पायरी: हातात नेमकं किती येतं

पगार सांगताना लोक मोठा आकडा सांगतात आणि मनात तोच धरून खर्चाचा अंदाज बांधतात. हिशोबात मात्र खात्यात प्रत्यक्ष जमा होणारी रक्कमच धरायची. कर, कपात, कर्जाचा परस्पर कापला जाणारा हप्ता, सगळं जाऊन जे उरतं ते. बोनस, जादा कामाचे पैसे, कुणाकडून येणं असलेली उसनवारी यातलं काहीही धरू नका. आले तर आनंद.

उत्पन्न दर महिन्याला वेगळं असेल, धंदा असेल किंवा काम मिळेल तसं करत असाल, तर मागच्या बारा महिन्यांची मिळकत एकाखाली एक मांडा. सरासरी काढण्याचा मोह होतो. पण सरासरी धरली तर साधारण निम्म्या महिन्यांत तूट येणार, हे उघड आहे. त्याऐवजी सगळ्यात कमी मिळकतीचे तीन महिने घ्या, त्यांची सरासरी काढा आणि तोच आपला ‘पगार’ समजा. चांगल्या महिन्यातला वरचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवायचा आणि वाईट महिन्यात तिथून स्वतःला तेवढाच पगार द्यायचा. सुरुवातीला ते खातं रिकामं असतं, म्हणून ही पद्धत शक्यतो एखाद्या चांगल्या महिन्यात सुरू करा.

तिसरी पायरी: वर्षाची बेगमी

आता मूळ मुद्दा. समजा, घराचं महिन्याचं उत्पन्न १०० आहे. हे १०० कसलेही धरा, प्रमाण महत्त्वाचं. पहिल्या महिन्याच्या वहीतून असं निघालं: घरभाडं किंवा घराचा हप्ता २५, वीज-पाणी-गॅस-फोन ८, किराणा २४, जाण्यायेण्याचा खर्च ८, मुलांचं शिक्षण ७, औषधं ३, वरखर्च १०. एकूण ८५. म्हणजे महिन्याला १५ उरतात. छान वाटतं. वर्षाला १८० शिल्लक पडायला हवी, पण खात्यात बघावं तर जेमतेम ३०-४०. मग घरात एकमेकांकडे संशयाने बघणं सुरू होतं.

आता हेच घर वर्षाची यादी करतं. विमा ३६. शाळेची वार्षिक फी आणि पुस्तकं ४०. घरातली दुरुस्ती १८. गाडीची देखभाल १४. समारंभ आणि भेटवस्तू २२. कपडे १४. बेरीज १४४. भागिले १२, म्हणजे महिन्याला १२. जे १५ उरतात असं वाटत होतं, त्यातले १२ आधीच कुणाच्या तरी नावाचे होते. खरी शिल्लक ३. कुणी उधळपट्टी केली नव्हती, फक्त बारा महिन्यांचा हिशोब एका महिन्याच्या वहीत बघितला होता.

ही यादी करायला एक संध्याकाळ लागते. बँकेचं मागच्या बारा महिन्यांचं स्टेटमेंट समोर घ्या आणि नेहमीपेक्षा मोठ्या प्रत्येक रकमेला खूण करा. मग एका कागदावर बारा महिन्यांची बारा नावं लिहून प्रत्येक खर्च त्याच्या महिन्यापुढे टाका. हे एकट्याने करू नका. घरातल्या प्रत्येकाला काहीतरी असं आठवतं जे दुसऱ्याला आठवत नाही. विमा, वार्षिक वर्गणी, मालमत्ता कर, चष्मा, दातांचं काम, गाडीची सर्व्हिसिंग, प्रवास, फोन बदलणं. शेवटी दर तीन-चार वर्षांनी येणारे खर्चही टाका. घरात एखादं यंत्र असं असतंच की जे आता घरघर करू लागलंय. ते आणखी दोन वर्षं चालेल असं वाटत असेल, तर नव्याच्या किमतीचा २४वा भाग दर महिन्याला बाजूला पडला पाहिजे.

पैसे ठेवायचे कुठे? रोजच्या खात्यात नकोत. तिथली शिल्लक बघून आपण “आहेत की” म्हणतो आणि संपवतो. बिनखर्चाचं दुसरं बचत खातं काढा, त्याला कार्ड घेऊ नका, आणि पगाराच्या दुसऱ्या दिवशी रक्कम आपोआप तिकडे जाईल अशी सूचना बँकेला देऊन ठेवा.

सुरुवातीची अडचण खरी आहे आणि बरेच जण तिथेच सोडून देतात. समजा ६०चा एक खर्च पाच महिन्यांवर आलाय. वर्षाच्या हिशोबाने महिन्याला ५ पुरेत, पण आज सुरुवात केली तर पाच महिन्यांत २५च जमतील. म्हणून पहिल्या फेरीला भागाकार १२ने करायचा नाही, उरलेल्या महिन्यांनी करायचा: ६० भागिले ५, महिन्याला १२. तो खर्च पार पडला की मग ५ वर या. पहिलं वर्ष जड जातं. सगळंच झेपत नसेल, तर ज्याची तारीख चुकवता येत नाही ते आधी धरा. विम्याचा हप्ता चुकला तर संरक्षण थांबू शकतं. कपडे दोन महिने थांबू शकतात.

चौथी पायरी: खरी अडीअडचण वेगळी

वरची यादी नीट झाली की जे उरतं ते खरोखरच अचानक असतं: नोकरी जाणं, आजारपण, अपघात. त्यासाठीची गंगाजळी वेगळी हवी. तीन ते सहा महिन्यांचा आवश्यक खर्च, हे सगळीकडे सांगितलं जाणारं माप ठीक आहे. ‘आवश्यक’ या शब्दाकडे मात्र लक्ष द्या. वरच्या उदाहरणात वरखर्चाचे १० गाळले तर महिन्याला ७५ लागतात. उत्पन्नाचे १०० धरायची गरज नाही. घरात एकच कमावता असेल किंवा मिळकत अनियमित असेल, तर सहाकडे झुका. आधी एका महिन्याइतकी रक्कम जमवा. तेवढ्यानेही पुढच्या अडचणीला कार्ड बाहेर काढावं लागत नाही.

पाचवी पायरी: वाटणी

इथे तुम्हाला ५०-३०-२० हा नियम कुणीतरी सांगेलच: हातात येणाऱ्या पैशांपैकी ५० टक्के गरजांना, ३० हौसेला, २० बचतीला आणि कर्जफेडीला. अमेरिकेत एलिझाबेथ वॉरन आणि त्यांची मुलगी अमेलिया यांनी २००५मध्ये तो लोकांसमोर आणला. सुटसुटीत आहे, पण तो जसाच्या तसा स्वतःला लावून घेऊ नका. अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७मध्ये बेल्जियममधल्या कामगार कुटुंबांचे खर्च तपासून दाखवलं होतं की उत्पन्न जितकं कमी, तितका त्यातला अन्नावर जाणारा हिस्सा मोठा. म्हणजे ज्यांचं उत्पन्न बेताचं आहे त्यांच्या गरजा ५० टक्क्यांत बसणारच नाहीत, आणि तो काही त्यांचा आळस किंवा उधळेपणा नव्हे. उलट भरपूर कमावणाऱ्याने हौसेवर ३० टक्के घालवणं हे निव्वळ नियमात बसतं म्हणून बरोबर ठरत नाही.

माझ्या मते टक्क्यांपेक्षा क्रम कामाचा. पगार आला की आधी वर्षाच्या खात्यात आणि गंगाजळीत रक्कम टाका. मग भाडं, हप्ते, बिलं. जे उरेल ते महिन्याचं राहणं-खाणं आणि वरखर्च. “महिनाअखेरीला उरेल ते टाकू” या बोलीवर बचत होत नाही, कारण उरलेल्या पैशाला कुठे ना कुठे वाट सापडतेच.

सहावी पायरी: आठवड्याचा पैसा

रोजच्या खर्चासाठी महिना हे माप फार मोठं आहे. पाच तारखेला खिसा भरलेला असतो, पंचविसाव्या दिवशी रिकामा. आठवड्याची रक्कम ठरवा, दर आठवड्याला तेवढीच काढा. चार दिवस आधी संपली तर चार दिवस ओढून काढता येतात. वीस दिवस ओढून काढता येत नाहीत.

पण महिन्याला चारने भागू नका. वर्षाचे आठवडे ५२, आणि बारा महिन्यांना चार-चार धरले तर ४८च होतात. उरलेल्या चार आठवड्यांतही घर जेवतंच. आठवड्याच्या किराण्याला चारने गुणून महिन्याचा अंदाज बांधणाऱ्याला प्रत्यक्षात त्याहून सुमारे ८ टक्के जास्त लागतात, आणि कुठे गेले ते वहीत सापडत नाही. आठवड्याच्या आकड्याला ४.३३ने गुणा. उलट, पगार आठवड्याला मिळत असेल तर महिन्याचा अंदाज चार पगारांवरच बांधा. वर्षात चार पगार जास्तीचे येतात, ते सरळ वर्षाच्या खात्यात टाका.

वरखर्चाला रोख वापरून बघा, निदान दोन महिने. ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सामन्याच्या तिकिटांवर बोली लावायला सांगितली होती. कार्डाने पैसे भरायचे असलेल्यांची बोली रोखवाल्यांच्या जवळपास दुप्पट गेली. हातातून नोट जाताना जे टोचतं, ते कार्ड टेकवताना टोचत नाही. भाडं, बिलं, हप्ते खुशाल ऑनलाइन भरा. तिथे मोह नसतो.

दुकानातल्या सवलतींचं गणित एकदा पाठ करून ठेवावं. दोनवर एक मोफत म्हणजे ३३ टक्के सूट, तीही तिन्हींची गरज असेल तरच. आधी २० टक्के आणि वर आणखी १० टक्के म्हणजे ३० होत नाहीत, २८ होतात. ‘२० टक्के जास्त माल त्याच किमतीत’ म्हणजे सुमारे १७ टक्के सूट. मोठं पाकीट नेहमी स्वस्त पडतं हाही समजच आहे. किमतीला वजनाने भागून बघा, मोबाइलवर पाच सेकंद लागतात. किंमत तीच ठेवून पाकिटातलं वजन कमी करणं हा तर आता नेहमीचाच प्रकार झालाय, म्हणून मागच्या खेपेला पाहिलेलं माप यंदाही तेच असेल असं धरू नका.

यादी करून जा, हे सगळेच सांगतात. मी एक जोडतो: यादी कपाट उघडून करा. आठवणीने केली तर घरात आधीच दोन पाकिटं असलेली वस्तू तिसऱ्यांदा येते.

सातवी पायरी: कर्ज असेल तर

कार्डावरची थकबाकी असेल, तर बचतीच्या आधी तिचा विचार करा. महिन्याला ३ टक्के व्याज ऐकायला मामुली वाटतं, पण ते व्याजावर व्याज चढत वर्षाला सुमारे ४२.६ टक्के होतं. कुठलीही सुरक्षित ठेव एवढं देत नाही. ‘किमान रक्कम’ भरून सुटल्यासारखं वाटतं, त्याचं गणित बघा. थकबाकी १००, व्याज महिन्याला ३ टक्के, आणि तुम्ही दर महिन्याला एकूण देण्याच्या ५ टक्केच भरता. नवीन काहीही खरेदी केलं नाही, तरी वर्षभरात तुम्ही सुमारे ५५ भरलेले असतात आणि डोक्यावर अजून ७७ उरलेले असतात.

अनेक कर्जं असतील तर सगळ्यांचा ठरलेला हप्ता भरत राहा आणि वरचा पैसा सर्वाधिक व्याजाच्या कर्जावर टाका. एकूण व्याज सर्वांत कमी याच मार्गाने जातं. काहींना आधी सगळ्यात छोटं कर्ज संपवून हुरूप येतो. हुरूप येत असेल तर तसं करा. व्याज थोडं जास्त जाईल, पण अर्ध्यावर सोडून देण्यापेक्षा परवडलं. एका महिन्याची गंगाजळी मात्र कर्ज फेडतानाही हातची सोडू नका. ती नसेल तर पुढचा टायर पुन्हा कार्डावरच येणार.

आठवी पायरी: घरातलं बोलणं

एकाने हिशोब ठेवायचा आणि बाकीच्यांनी उत्तरं द्यायची, अशी रचना झाली की वही म्हणजे पोलीसचौकी होते. मग लोक खर्च लपवतात, आणि लपवलेला खर्च ‘विसरलेले’ मध्ये वाढत जातो. ते होऊ नये म्हणून घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला महिन्याला एक ठरावीक रक्कम द्या, जिचा हिशोब कुणी विचारायचा नाही. कमावणारा आणि न कमावणारा, दोघांनाही सारखीच. ती वहीत एकाच ओळीत लिहायची आणि पुढे प्रश्न नाही. लहानशी रक्कम असली तरी घरातली निम्मी कुरबुर यानेच मिटते, असा माझा अनुभव.

महिन्यातून एकदा अर्धा तास बसा. पगाराच्या आधीचे दोन-तीन दिवस सोडून. तेव्हा सगळेच चिडलेले असतात. तीनच गोष्टी बघायच्या: कुठला रकाना अंदाजाबाहेर गेला, पुढच्या महिन्यात वर्षाच्या यादीतलं काय येतंय, आणि एखादी वर्गणी किंवा सेवा न वापरताच पैसे कापले जातायत का. मुलं मोठी असतील तर त्यांनाही बसवा. “परवडत नाही” हे वाक्य नुसतं ऐकण्यापेक्षा आकडा बघितला की त्यांना लवकर समजतं. कधीकधी तीच आपल्याला एखादी विसरलेली वर्गणी दाखवतात.

तीन महिन्यांनंतर

पहिला अंदाज चुकतो. दुसराही बहुधा चुकतो. एखादा रकाना सलग तीन महिने फुटत असेल, तर स्वतःला दोष देणं थांबवा आणि रकाना मोठा करा. ते पैसे कुठल्या रकान्यातून काढायचे, हे मात्र त्याच बैठकीत ठरलं पाहिजे. कागदावर किराणा १८ लिहून दर महिन्याला २४ खर्च करण्यात काही अर्थ नाही.

वर्षातून एकदा सगळे आकडे नव्याने मांडा. भाव वर्षाला ६ टक्क्यांनी वाढत गेले, तर बारा वर्षांत दुप्पट होतात. मागच्या वर्षीचं वर्षाच्या खात्याचं माप यंदा पुरणार नाही, हे धरूनच चाला. यादी करताना मागच्या वर्षीचा कागद शेजारी ठेवा आणि प्रत्येक खर्चापुढे खरा आकडा लिहा.

आणि वर्षाअखेरीला त्या खात्यात पैसे उरलेले दिसले, तर लगेच खूश होऊन काही आणू नका. आधी यादीवरून एकदा बोट फिरवा. बहुतेक वेळा एखादं बिल अजून यायचं असतं.